आधी काय मोडलं?

ऑफिसात काही कोसळलं की दुसऱ्या दिवशी एक डॉक्युमेंट लिहावं लागतं. त्याला आम्ही 'आरसीए' म्हणतो, रूट कॉज अ‍ॅनालिसिस. रात्री अडीचला पेमेंटची सर्व्हिस पडली, तर आधी काय झालं, मग काय झालं, असं मिनिटामिनिटाने मांडायचं. हे लिहायला मला मनापासून आवडतं असं म्हटलं की टीममधले लोक संशयाने बघतात, पण खरंच आवडतं. कारण लॉगमध्ये प्रत्येक ओळीपुढे वेळ छापलेली असते. चाळीस हजार एरर असल्या तरी काळजी नाही, वर वर जात राहायचं. सगळ्यात मोठ्याने ओरडणारी एरर सहसा गुन्हेगार नसते. दुसऱ्या कुणीतरी हात सोडला म्हणून ती बिचारी पडलेली असते. पहिली एरर कुठेतरी वर, साधी एका ओळीची, कुणाचं लक्षही जाणार नाही अशी गप्प बसलेली असते.

आता अशी कल्पना करा की लॉगमधल्या सगळ्या ओळी आहेत, पण वेळा पुसून टाकल्या आहेत आणि ओळी पिशवीत घालून चांगल्या हलवल्या आहेत. तुटलेला गिअरबॉक्स उघडला की समोर असतं ते हेच.

गिअरबॉक्स गाडीचा नव्हे, एअरसॉफ्टचा. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दिसायला खऱ्या रायफलीसारखी, पण ६ मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या मारणारी ही खेळण्यातली बंदूक. खेळ जपानमध्ये जन्मला. बॅटरीवर चालणारी पहिली गाजलेली बंदूक तोक्यो मारुई या कंपनीने १९९१ साली काढली आणि आतल्या गिअरबॉक्सची जी रचना तिने रूढ केली, तीच थोड्याफार फरकाने आजही सगळे बनवतात. आपल्याकडे हे खेळणारे मोजकेच. आम्ही सहा जण आहोत. कोनहून सावळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एका ओळखीच्यांची कुंपण घातलेली जागा आहे, तिथे महिन्यातून दोन रविवार गॉगल आणि जाळीचे मुखवटे चढवून धावतो. (कोन म्हणजे पनवेल ओलांडलं की जुन्या मुंबई-पुणे हायवेवर लागतं ते. एक्सप्रेस वेने सुसाट जाणाऱ्यांना नाव ऐकूनच माहीत असतं.) सहा जणांनी पैसे काढून घेतलेली एक चांगली बंदूक आहे. ती आळीपाळीने वापरायची असा नियम.

तर झालं असं, की एका रविवारी ती बंदूक आमच्यातल्या एकाच्या हातात असताना 'गर्रर्र' असा आवाज करून गप्प झाली. मोटर फिरतेय, गोळी सुटत नाही. त्या दिवशी त्याने नेहमीची ७.४ व्होल्टची बॅटरी न लावता ११.१ व्होल्टची लावली होती. झालं! संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर निकाल लागला. बॅटरी तू बदललीस, बंदूक तुझ्या हातात मोडली, दुरुस्तीचे साडेसहा हजार तू भर. पाच विरुद्ध एक... खरं तर चार विरुद्ध एक, कारण मी उत्तर दिलं नव्हतं. त्या मित्राला आपण आरोपी म्हणू.

आरोपीने "बरं, भरतो" एवढंच लिहिलं. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. आमच्यातले चौघे आयटीत आहेत, साडेसहा हजार म्हणजे त्यांच्यासाठी एका वीकेंडचं हॉटेलिंग. आरोपी उरणच्या वाटेवर कंटेनरच्या गोदामात सुपरवायझर आहे. साडेसहा हजार त्याला कुठून तरी आणावे लागतात. मी म्हटलं, भरण्याआधी उघडून तर बघू.

उघडायचा कार्यक्रम त्याच्याच घरी झाला. एक तर त्याच्याकडे हत्यारं होती. दुसरं म्हणजे त्याचे वडील होते. काका गिरणी कामगार, लूम खात्यातले फिटर. १९८० ला मिलमध्ये लागले, तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचे होते. म्हाडाने २०१६ च्या डिसेंबरात गिरणी कामगारांसाठी कोनमधल्या २४१७ घरांची सोडत काढली, त्यात त्यांना घर लागलं. सोडत लागणं आणि चावी हातात येणं यात बरीच वर्षं गेली. मधे २०२० साली त्याच इमारतींत कोविडचं विलगीकरण केंद्र झालं होतं. आता ते तिथे राहतात आणि लिफ्टच्या मोटरचा आवाज बदलला की सोसायटीच्या आधी त्यांना कळतं.

मी स्क्रू ड्रायव्हर काढला तसे काका म्हणाले, "मी बघेन, सांगेन. पण कुणाची चूक ते मी बोलणार नाही. पोरगा माझा आहे. तू बघ आणि तूच बोल."

एवढं बोलून त्यांनी खाली एक पांढरं धुतलेलं धोतर अंथरलं. बारीक तुकडा उडाला तर दिसावा म्हणून.

आतली रचना समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून एक परिच्छेद सहन करा. पिस्तुलाच्या मुठीत मोटर असते. तिच्यापुढे एकामागोमाग तीन गिअर: बेव्हल, मग स्पर, मग सेक्टर. तिन्ही मिळून मोटरचा वेग साधारण १८.७ पटीने कमी करतात, म्हणजे एका गोळीसाठी मोटरने पावणेएकोणीस फेरे मारायचे. मिनिटाला ९०० गोळ्यांचा वेग धरला तर मोटर जवळजवळ १६,८०० आरपीएमने फिरते. तळहाताएवढ्या डब्यात! सेक्टर गिअरला दाते अर्ध्याच घेरावर असतात. ते दाते प्लॅस्टिकच्या पिस्टनखालच्या दातेरी पट्टीला पकडून त्याला मागे ओढतात, मागची स्प्रिंग दाबली जाते, मग दाते संपतात, पिस्टन सुटतो, स्प्रिंग त्याला पुढे हाणते आणि पुढची हवा गोळीला ढकलते. पुन्हा दाते येतात, पुन्हा पकड. एका सेकंदात पंधरा वेळा. हे टिकतं कसं याचंच मला जास्त नवल वाटतं.

दोन्ही कवचं वेगळी केली आणि आत अक्षरशः कत्तल दिसली. पिस्टनचे मधले सहा दात मुळापासून साफ. सेक्टर गिअरचा एक दात तुटलेला. स्पर गिअरच्या एका दाताचा कोपरा गेलेला. ग्रीसमध्ये पांढऱ्या प्लॅस्टिकचा भुगा, जणू ओलं खोबरं. आरोपी म्हणाला, "गेलं." मी सवयीने पेपर नॅपकिन घेऊन ग्रीस पुसायला लागणार, तेवढ्यात काकांनी माझा हात धरला.

"धुऊ नकोस. पुसू नकोस. आधी फोटो काढ."

हे वाक्य ऐकून मला त्यांना आमच्या टीममध्ये घ्यावंसं वाटलं. सर्व्हर लटकला की घाईघाईने रीस्टार्ट करणारे महाभाग प्रत्येक कंपनीत असतात. सर्व्हर चालू होतो, पण मेमरीत जे काही पुरावे होते ते गेले. मग पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा पडतो. ग्रीस म्हणजे गिअरबॉक्सचा मेमरी डम्प आहे.

मग काकांनी विचारलं, "आवाज कधी बदलला?"

"त्याच दिवशी, गर्र झाला."

"तो मोडल्याचा आवाज. त्याच्या आधी?"

आरोपी जरा विचार करून म्हणाला, गणपतीनंतर पहिल्यांदा खेळलो तेव्हापासून एक किणकिण होती. नवीन ग्रीस घातलं नाही म्हणून असेल असं वाटलं. ग्रुपवर मी मागे जाऊन शोधलं. खरोखरच एकाने तेव्हा व्हिडिओ टाकला होता आणि खाली कुणीतरी लिहिलं होतं, "आवाज वेगळा येतोय का रे?" त्यावर तीन हसरे चेहरे, आणि विषय संपला. ही आमची पहिली एरर, आणि नशिबाने हिच्यापुढे तारीख होती.

आता आरोपपत्राकडे वळू, कारण बॅटरीचा मुद्दा फालतू नाही. जास्त व्होल्टेज म्हणजे मोटर जास्त वेगात. गिअर इतके भरभर फिरले की पिस्टन पुढे पूर्ण पोचायच्या आतच सेक्टरचे दाते त्याला पुन्हा गाठू शकतात. पिस्टन पुढे येतोय, दाता मागे ओढतोय, समोरासमोर टक्कर. यात पिस्टन फुटतात हे खरंच आहे. पण ही टक्कर ठरावीक ठिकाणी होते. पिस्टन अजून अर्ध्या वाटेवर असल्याने पहिला दाता चुकीच्या दातावर, वरून आदळतो. मार शेवटच्या, म्हणजे सुटायच्या बाजूच्या दातांवर बसतो, कडा चेपतात. आमच्या पिस्टनचा सुटायचा दात धातूचा आहे. भिंगातून पाहिला, तर त्याची कड कोरी करकरीत. सेक्टरच्या पहिल्या दात्यावरही ठोक्याची खूण नाही. गेले होते ते मधले दात. ११.१ व्होल्टवाली टक्कर झाल्याची एकही खूण नाही.

मग मधले दात का गेले? इथे आम्ही तासभर अडकलो. चहा झाला. काका मधेच उठून खाली जाऊन दूध घेऊन आले. परत आल्यावर म्हणाले, "जास्त मोडलेलं बाजूला ठेव. जे मोडलेलं नाही ते बघ. ते खोटं बोलत नाही."

पिस्टनचे जे दात शाबूत होते ते मी उजेडात धरले. प्रत्येक दात रुंदीला साधारण सारखा घासलेला असायला हवा. हे दात उजव्या अर्ध्या भागात आरशासारखे गुळगुळीत झाले होते आणि डावीकडे साच्यातून निघाल्यासारखे खरखरीत होते. म्हणजे सेक्टर गिअर तिरका होऊन एकाच कडेने ओढत होता. आणि अशी झिलई एका संध्याकाळी येत नाही. कवचाच्या आतल्या भिंतीवर एक चकचकीत अर्धवर्तुळ उमटलं होतं, तिरका गिअर भिंतीला घासून घासून. तेही एका दिवसाचं काम नव्हे.

गिअर तिरका कधी होतो? त्याचा आस ज्या दोन बेअरिंगमध्ये बसतो, त्यातलं एक ढिलं झालं की. उजवं बेअरिंग ठीक होतं, बोटाने फिरवलं तर निमूट फिरत होतं. डावं काढायला गेलो तर ते दोन तुकड्यांत हातात आलं. बाहेरची कडी तुटलेली, आतले छर्रे बेपत्ता. (छर्रे म्हणजे इथे बेअरिंगमधल्या पोलादी गोळ्या, सायकलवाल्याकडे म्हणतात त्या. बंदुकीच्या गोळ्यांशी गल्लत करू नका, आम्ही त्या दुपारी दोनदा केली.)

त्या तुटलेल्या कडीने मला जे दाखवलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होतो, जरी इंजिनिअरिंगला त्यावर पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. तुटल्याजागी अर्धा भाग तांबूस होता, अर्धा लख्ख. तांबूस भाग म्हणजे गंज. गंज चढायला हवा आणि ओल लागते, म्हणजे तो भाग बऱ्याच आधीपासून उघडा होता. कडीला तडा गेला होता, तो हळूहळू वाढत होता, पावसाळा त्याच्यात शिरत होता. लख्ख भाग शेवटच्या घावाचा. सेक्टरचा तुटलेला दात मात्र सगळाच्या सगळा लख्ख आणि दाणेदार. एका फटक्यात गेलेला. कोनला जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते, त्या हवेने आम्हाला एक फुकटचं घड्याळ दिलं होतं.

धातूचा 'थकवा' ही कल्पना तशी रेल्वेने शिकवली. एकोणिसाव्या शतकात गाड्यांचे आस सहज पेलतील अशा वजनाखाली अचानक तुटायला लागले. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडून मोठा अपघात झाला. पुढे ऑगस्ट व्होलर या जर्मन इंजिनिअरने वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं की एका फटक्यात न मोडणारी गोष्ट लाखो छोट्या फटक्यांनी मोडते. तडा थांबत थांबत वाढतो आणि प्रत्येक थांब्याची रेघ मागे ठेवतो. ओहोटीला अलिबागच्या वाळूवर लाटांच्या ओळी राहतात ना, तशाच. इंजिनिअर लोक या खुणांना समुद्रकिनाऱ्याचंच नाव देतात. त्या रेघा ज्या टोकाकडे गोळा होतात, तिथे सुरुवात.

हेच काम जेव्हा माणसांच्या जिवाचं असतं तेव्हा काय होतं, हे मी त्या आठवड्यात वाचून काढलं. २९ एप्रिल २०१६ ला नॉर्वेत बर्गनजवळ तेलाच्या प्लॅटफॉर्मवरून परतणाऱ्या सुपर प्यूमा हेलिकॉप्टरचा मुख्य रोटर उडता उडता सुटून गेला. तेराच्या तेरा जण गेले. अवशेष बेटावर आणि समुद्रात विखुरलेले. तपासणाऱ्यांनी गिअरबॉक्सचे तुकडे समुद्रतळावरून गोळा केले आणि २०१८ च्या अहवालात सांगितलं, की दुसऱ्या टप्प्यातल्या आठ प्लॅनेट गिअरपैकी एकाला थकव्याचा तडा गेला होता. सुरुवात पृष्ठभागावरच्या एका सूक्ष्म खड्ड्यापासून. तडा पृष्ठभागाखालून वाढला, कण फारसे सुटलेच नाहीत, त्यामुळे कण पकडणाऱ्या यंत्रणेला पत्ता लागला नाही. याच घराण्यातल्या हेलिकॉप्टरचा २००९ साली १ एप्रिलला स्कॉटलंडजवळ तसाच अपघात झाला होता, सोळा जण गेले. त्या वेळी तर अपघाताच्या आठवडाभर आधी गिअरबॉक्समधल्या चुंबकावर धातूचा एक कण सापडला होता. सापडला, पण तो कशाचा आहे हे नीट ओळखलं गेलं नाही. हे वाचताना आमच्या ग्रुपवरचे तीन हसरे चेहरे आठवले. आमच्या खेळण्यात कुणाचा जीव जाणार नव्हता, हे सोडलं तर प्रकार तोच.

परत धोतराकडे. कडी जुनी तुटलेली हे ठरलं. पण वकिलासारखं बोलायचं तर बेअरिंग आधी तडकलं म्हणून पिस्टन त्यामुळेच मोडला असं होत नाही. दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी मोडले असतील. यासाठी छर्रे शोधणं भाग होतं. शाबूत बेअरिंगमध्ये सात होते, म्हणजे डाव्यातही सात हवेत. चिमटा आणि सुईने ग्रीस थर थर उपसलं. एक छर्रा बेव्हल गिअरच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे काहीच फिरत नाही तिथे, काळ्या घट्ट ग्रीसमध्ये रुतलेला. त्याच्यावर पांढरा भुगा, खाली नाही. म्हणजे तो भुग्याच्या आधी तिथे येऊन पडला होता. आणखी तीन सापडले, त्यातले दोन चपटलेले. उरलेले तीन मिळाले नाहीत.

मिळाले नाहीत, पण त्यातला एक कुठून गेला ते मिळालं. पिस्टनच्या तुटलेल्या दातांचे तुकडे आम्ही कागदावर एका ओळीत लावत होतो. चौथ्या तुकड्यावर एक वाटीसारखा खळगा होता. आरोपीनेच सापडलेला एक छर्रा उचलून त्यात ठेवला. अचूक बसला. जरासुद्धा हलला नाही.

तिघेही काही वेळ गप्प होतो. मग काका म्हणाले, "आता चहा कर."

लेस्ली लॅम्पोर्टचा १९७८ चा एक पेपर आहे, डिस्ट्रिब्यूटेड सिस्टिमवाल्यांचा जवळजवळ धर्मग्रंथ. वेगवेगळ्या मशीनच्या घड्याळांवर भरवसा ठेवता येत नाही, तर मग कुठली घटना आधीची हे कसं ठरवायचं? त्याचं उत्तर असं, की घड्याळ विसरा. एका मशीनने पाठवलेला निरोप दुसऱ्याला मिळाला असेल, तर पाठवणं हे मिळण्याच्या आधी झालेलं असणारच. बस्स, एवढ्यावरून क्रम लावा. छर्रा हा निरोप होता. बेअरिंगने पाठवला, पिस्टनला मिळाला. बेअरिंग फुटल्याशिवाय छर्रा बाहेर येत नाही, आणि छर्रा बाहेर आल्याशिवाय पिस्टनच्या दातावर त्याचा ठसा उमटत नाही. कॉलेजात हा पेपर मी परीक्षेपुरता वाचला होता. तो गिरणी कामगारांच्या इमारतीत, धोतरावर असा भेटेल असं वाटलं नव्हतं.

मग सगळी साखळी सुटत गेली. डावं बेअरिंग तडकलं, किणकिण सुरू झाली. गिअर तिरका झाला, पिस्टनचे दात उजव्या कडेवरच ओझं घेऊ लागले. मग कडी पूर्ण उघडली, छर्रे सांडले. त्यातला एक सेक्टर आणि पिस्टनच्या मधे सापडला, सेक्टरचा दात उडाला. आधीच अर्ध्या रुंदीवर तगून असलेले पिस्टनचे मधले दात एकापाठोपाठ सोलले गेले. तुकडे स्परमध्ये गेले. गर्रर्र.

आणि बॅटरी? तिला मी निर्दोष सोडणार नाही. जास्त वेगाने कडी लवकर उघडली असणार. नेहमीची बॅटरी असती तर कदाचित बंदूक पुढच्या रविवारी मोडली असती, किंवा त्याच्या पुढच्या, दुसऱ्या कुणाच्या तरी हातात. बॅटरीने मुहूर्त काढला, लग्न आधीच ठरलेलं होतं.

बेअरिंग तरी का तडकलं, हा पुढचा 'का'. स्प्रिंग काढून पाहिली तर ती मूळची नव्हती. मूळची एम१०० असते, म्हणजे ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण १०० मीटर वेगाने सोडणारी. आत एम१२० निघाली. ही दोन वर्षांपूर्वी, मी ग्रुपमध्ये यायच्या आधी, सर्वानुमते बसवली गेली होती. ग्रुपवर मतदान सापडलं: पाचपैकी पाच. वेग फक्त वीस टक्के वाढतो, म्हणून कुणाला जास्त वाटलं नाही. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. १ जूलची झाली १.४४. प्रत्येक गोळीमागे चव्वेचाळीस टक्के जास्त, आणि ते सगळं सेक्टरच्या त्या दोन इवल्याशा बेअरिंगवर. छर्रा कडीला एका बिंदूत टेकतो. त्याऐवजी साधं पोलादी बुश असतं तर आसाचं ओझं पृष्ठभागावर पसरलं असतं. बेअरिंगने फिरणं हलकं होतं, बुशने ओझं पेलतं. जड स्प्रिंगबरोबर बुश घालायचं हे जाणकारांना माहीत असतं. स्प्रिंग बदलताना तेवढं मात्र कुणी बदललं नाही.

काकांना मी हे सांगितलं तर ते हसले. मिलमध्येही हेच, म्हणाले. माग जुना, त्याला जास्त वेगाने पळवायचं, आणि रात्रपाळीत ज्याच्या हातात मोडेल त्याचं नाव रजिस्टरला. मग स्वतःच म्हणाले, "लोक विचारतात, मिल संपाने गेल्या ना? १८ जानेवारी ब्याऐंशी, डॉक्टर सामंतांचा संप. मी सांगतो, मी त्या मशिनी उघडून बघितल्यात. संपाच्या आधी बघितल्यात." त्यांना पुढे बोलायचं असावं, पण काकूंनी पोहे आणले आणि विषय तिथेच राहिला. गिरण्यांचं प्रकरण एका छर्‍यावर ठरण्याइतकं सोपं नाही हे मलाही कळतं. पण अडीच लाख माणसांच्या हातात काहीतरी मोडलं आणि नाव त्यांचं लागलं, एवढा त्यांचा मुद्दा असावा असं मला वाटलं.

रात्री मी ग्रुपवर नेहमीच्या ऑफिसच्या साच्यात आरसीए टाकली. फोटो नऊ, टाइमलाइन, मतदानाचा स्क्रीनशॉट. शेवटी 'कृती' या मथळ्याखाली: खर्च सहा जणांत. माझं नाव मतदानात नव्हतं, तरी वापरली मीही होती. अर्धा तास निळ्या खुणा दिसत होत्या आणि उत्तर नव्हतं. मग ज्याने सगळ्यात आधी "तू भर" लिहिलं होतं त्याने हजार नव्वद रुपये पाठवल्याचा स्क्रीनशॉट टाकला. साडेसहा हजार भागिले सहा म्हणजे १०८३ रुपये तेहतीस पैसे, त्यामुळे हजार नव्वद जरा जास्तच. बाकीचे मागोमाग आले. सॉरी कुणी म्हटलं नाही. आरोपीने त्याचे हजार नव्वद सगळ्यांच्या नंतर टाकले, आणि खाली लिहिलं, "बुश मी आणतो, ओळखीचा आहे."

पोलादी बुश आले, नवा पिस्टन, नवे गिअर, स्प्रिंग परत एम१००. मधले वायसर काकांनी लावले. कागदाइतके पातळ ते, मी लावले की एकतर गिअर जाम किंवा डुगडुगता. ते डोळे मिटून गिअर हलवून बघायचे आणि म्हणायचे, "एक काढ." पहिल्या दोनशे गोळ्या मारून झाल्यावर त्यांनी सगळं परत उघडायला लावलं. मला कंटाळा आला होता, स्क्रू आठ आहेत. पण पिस्टनचे दात उजेडात धरून बघितले. दोन्ही बाजूंना सारखेच घासले होते.